स्वातंत्र्य कुणापासून? पोलिसापासून की मालकापासून?

१२ डिसेंबर १९३७ रोजी सोव्हिएत संघात संसदेची निवडणूक झाली. मतपत्रिकेवर मतदारासाठी सूचना छापली होती: ज्याला मत द्यायचं त्या एका उमेदवाराचं नाव राहू द्या, बाकीची खोडा. बाकीची नावं नव्हतीच. प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार उभा होता आणि मतदान झालं ९६ टक्क्यांहून जास्त.

हे वाचून हसू येतं. पण ही निवडणूक ज्या राज्यघटनेनुसार झाली, ती १९३६ची घटना देशाचं नाव झाकून कुणी वाचायला दिली तर आपण तिला पैकीच्या पैकी मार्क देऊ. कामाचा हक्क कलम ११८ मध्ये, विश्रांतीचा ११९ मध्ये, म्हातारपणी आणि आजारपणात सांभाळ १२० मध्ये, शिक्षण १२१ मध्ये, स्त्री-पुरुष समानता १२२ मध्ये. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना मत, तेही गुप्त. त्या वेळी स्वित्झर्लंडमधल्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हतं. ते मिळायला १९७१ उजाडलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाने मतदारयादीत नाव घालायला जाणं म्हणजे १९६५चा मतदान हक्काचा कायदा येईपर्यंत जिवावरचं काम होतं.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं म्हणून विषय मिटवता येतो आणि बराचसा मिटतोही. ही घटना तयार करणाऱ्या आयोगात क्रांतीच्या नेत्यांपैकी एक असलेला निकोलाय बुखारिन होता. त्याला मार्च १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. १९३७-३८ या दोन वर्षांत, सरकारी दप्तरातल्या आकड्यांप्रमाणेच, सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना राजकीय आरोपांखाली मारलं गेलं. पण ढोंग म्हटल्याने एक गोष्ट उलगडत नाही. जगभरातले कितीतरी शहाणेसुरते लोक, मुंबईत १९२८चा सहा महिन्यांचा संप झेललेले गिरणी कामगारही त्यात आले, या देशाकडे आशेने का बघत होते? ते भोळे होते असं म्हणणं म्हणजे त्यांच्या अकलेचा अपमान आहे. स्वातंत्र्य, समता, लोकशाही या गोष्टी त्यांनाही हव्याच होत्या. फक्त त्या कुणाच्या तावडीतून सोडवायच्या, याचं त्यांचं उत्तर वेगळं होतं.

माणसाच्या वाटेत आडवं कोण येतं? भांडवलशाहीची बाजू घेणारा उदारमतवादी म्हणतो, सरकार. या विचाराचा जन्मच राजांच्या मनमानीला विरोध करताना झाला. कारण न सांगता अटक, परवानगीशिवाय छपाई नाही, मनाला येईल तेव्हा कर. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन लॉकने मालमत्तेचा हक्क इतका उचलून धरला तो याच धाकापोटी. मालमत्ता हे माणसाभोवतीचं कुंपण आहे. ज्याचं स्वतःचं शेत, स्वतःचं दुकान, स्वतःची शिल्लक आहे त्याला राजा उपाशी मारू शकत नाही, म्हणून तो राजाविरुद्ध तोंड उघडू शकतो.

साम्यवादी म्हणतो, मालक. पोलीस एखाद्या वेळी दारात येईल, मालकाची गाठ रोज सकाळी पडते. ज्याच्याकडे विकायला दोन हातांपलीकडे काही नाही, त्याने राजीखुशीने करार केला असं म्हणण्यात काय अर्थ आहे? कुंपण छान आहे, पण ते कुंपणाच्या आतल्यांसाठी. बाहेर जे उभे आहेत त्यांना ते अडवतं.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर केलेला बरा. साम्यवादी खासगी मालमत्तेच्या विरोधात, म्हणजे तुमची सायकल आणि भांडीकुंडीसुद्धा सरकारजमा, असं नाही. विरोध आहे तो गिरणी, खाण, जमीन, बँक अशा मालमत्तेला, जिच्यावर दुसऱ्याला कामाला लावून नफा काढता येतो. स्टालिनच्या १९३६च्या घटनेचं कलम १० तर नागरिकाची कमाई, बचत, राहतं घर आणि घरातल्या वस्तू यांवरची मालकी मान्य करतं. वारसाहक्कही मान्य करतं, जो क्रांतीनंतर लगेच, १९१८ मध्ये, रद्द केला होता.

भट्टी आणि छापखाना

तत्त्वाच्या गोष्टी हवेत राहतात, म्हणून दोन्ही छावण्यांतलं एकेक प्रकरण जवळून बघू.

न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकऱ्यांसाठी कायदा केला: कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. तेव्हाच्या बऱ्याच बेकऱ्या चाळींच्या तळघरात होत्या. हवा नाही, मैद्याचा भुगा छातीत जातोय, आणि माणसं तिथेच झोपतायत. युटिका गावातल्या लॉकनर नावाच्या बेकरीमालकाला या कायद्याखाली दंड झाला, तो लढत लढत सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि १९०५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं की या कायद्याने मालक आणि कामगार या दोघांचंही करार करण्याचं स्वातंत्र्य हिरावलं. थोडक्यात, दिवसाला बारा तास भट्टीपुढे उभं राहणं हा कामगाराचा हक्क होता आणि सरकारने त्यात नाक खुपसलं! न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात ठणकावलं की राज्यघटना कुठल्या एका आर्थिक सिद्धान्ताला बांधलेली नसते. पण त्यांची बाजू अल्पमतात पडली.

हा निकाल म्हणजे भांडवली स्वातंत्र्याची कल्पना तिच्या टोकाला. तीत सरकार दिसतं, भट्टीचा मालक दिसतच नाही.

आता दुसरं टोक. सोव्हिएत घटनेच्या कलम १२५ मध्ये भाषण, छपाई, सभा आणि मोर्चा यांचं स्वातंत्र्य दिलं आहे. वाक्य तिथे थांबत नाही. पुढे म्हटलंय की हे हक्क प्रत्यक्षात मिळावेत म्हणून छापखाने, कागदाचे साठे, सार्वजनिक इमारती, रस्ते, दळणवळणाची साधनं कष्टकऱ्यांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या हवाली केली जातील. कागदाचे साठे! मला ही तरतूद फार बोलकी वाटते. वृत्तपत्र काढायचं स्वातंत्र्य कायद्याने सगळ्यांना आहे, पण छापखाना कुणाकडे आहे? कागद घ्यायला पैसे कुणाकडे आहेत? हा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये आणि मग २०१० मध्ये निवडणुकीतल्या खर्चाला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं, तेव्हापासून तिथे हाच प्रश्न नव्या कपड्यात फिरतो आहे.

पण त्याच कलमाची सुरुवात वाचा. हे स्वातंत्र्य 'कष्टकऱ्यांच्या हितानुसार आणि समाजवादी व्यवस्था बळकट करण्यासाठी' आहे. हित कुणी ठरवायचं? त्याचं उत्तर पुढच्याच कलमात: कम्युनिस्ट पक्ष हा कष्टकऱ्यांच्या सगळ्या संघटनांचा, सरकारी असोत वा सामाजिक, गाभा आहे. म्हणजे कागद तुमचा, छापखाना तुमचा, आणि त्यावर काय छापायचं ते पक्षाचं.

आंबेडकरांनी दोन्हीकडून बघितलं

या भांडणात मला सगळ्यात नेमकी मांडणी सापडते ती १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षातर्फे संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात. बेकार माणसाला विचारा, असं ते म्हणतात, मूलभूत हक्कांचा त्याला काय उपयोग. तुटपुंज्या पगाराची, तासांचा हिशेब नसलेली, संघटनेत जायला बंदी असलेली नोकरी एका बाजूला आणि भाषणाचं, संघटनेचं, धर्माचं स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला. तो काय उचलेल यात शंका आहे का? सरकारने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य उरतं असं म्हणतात, पण कुणासाठी उरतं? कुळांचा खंड वाढवायला जमीनदाराला, तास वाढवून मजुरी कापायला भांडवलदाराला. सरकारी नियंत्रणापासून मुक्ती याचं दुसरं नाव खासगी मालकाची हुकूमशाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

इथवर साम्यवादीही माना डोलावतील. पुढे मात्र बाबासाहेबांची वाट वेगळी होते. मोठे उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या हाती असावी असं बाबासाहेब मांडतात, पण हुकूमशाहीच्या मार्गाने नव्हे, संसदीय लोकशाही शाबूत ठेवून. त्यांची अडचण त्यांनीच सांगितली आहे: आर्थिक घडी संसदेच्या बहुमतावर सोडली तर दर निवडणुकीला ती बदलेल, आणि ती टिकवायला हुकूमशाही आणली तर माणसाचं स्वातंत्र्यच जाईल. म्हणून आर्थिक रचना थेट राज्यघटनेत लिहा, असा त्यांचा तोडगा होता. संविधान सभेने तो घेतला नाही. पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये सभेचे सदस्य के. टी. शहांनी घटनेत 'समाजवादी' शब्द घालायची सूचना आणली तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी काळाप्रमाणे ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, हे त्यांचं कारण. ही विसंगती म्हणायची की मधल्या काळातल्या अनुभवाने बदललेलं मत, यावर अभ्यासकांत अजून खटके उडतात. मला ते दुसरं वाटतं.

मालकाची हुकूमशाही संपवायला सरकारला एकमेव मालक केलं तर काय होतं, याचं उत्तर साम्यवादी घरातूनच आलं. स्टालिनने देशाबाहेर घालवलेल्या ट्रॉट्स्कीने १९३६ मध्ये लिहिलं की ज्या देशात सरकार हा एकच मालक असतो तिथे विरोध करणं म्हणजे हळूहळू उपासमारीने मरणं. काम करणार नाही त्याने खाऊ नये, या जुन्या नियमाची जागा नवा नियम घेतो: हुकूम मानणार नाही त्याने खाऊ नये. गिरणीमालकाशी भांडण झालं तर शेजारच्या गिरणीत जाता येतं. निदान काळ्या यादीत नाव पोचायच्या आधी. इथे शेजारची गिरणीही त्याच मालकाची, आणि पोलीस चौकीही.

याचा एक नमुना न्यायालयातल्या नोंदीत शिल्लक आहे. सोव्हिएत घटनेत काम हा हक्क होता, तसंच कलम १२ प्रमाणे ते कर्तव्यही होतं. १९६१ मध्ये 'परोपजीवी' लोकांविरुद्ध हुकूम निघाला: धडधाकट असून नियमित नोकरी न करणाऱ्याला दूर पाठवून कामाला लावता येईल. १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात तेवीस वर्षांचा जोसेफ ब्रॉडस्की आरोपी म्हणून उभा होता. त्याने कारखान्यात, शवागारात, भूगर्भ संशोधकांच्या मोहिमांवर कामं केली होती, मधल्या काळात तो कविता लिहायचा आणि अनुवाद करायचा. न्यायाधीश बाईंनी विचारलं, तू कवी आहेस हे कुणी मान्य केलं? कवींमध्ये तुझं नाव कुणी घातलं? तो म्हणाला, कुणीच नाही. माणसांमध्ये माझं नाव कुणी घातलं? फ्रिडा विग्दोरोवा ही पत्रकार तिथे बसून सगळं टिपून घेत होती, म्हणून हे जगाला कळलं. शिक्षा झाली पाच वर्षं सक्तमजुरीची, उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क भागात. गवगवा झाला आणि दीडेक वर्षात त्याला सोडावं लागलं. १९८७ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं, पण तोवर त्याला देश सोडून पंधरा वर्षं झाली होती.

लॉकनरच्या निकालात जशी भांडवली स्वातंत्र्याची अडचण उघडी पडते, तशी या खटल्यात साम्यवादी स्वातंत्र्याची.

समतेत दोघेही घसरतात

समतेबद्दल थोडक्यात. भांडवली विचारात समता म्हणजे कायद्यापुढे सगळे सारखे आणि शर्यतीत सगळ्यांची सुरुवात एका रेषेवर. शेवटी कोण कुठे पोचतो हे ज्याच्या त्याच्या कुवतीवर. ऐकायला बरं वाटतं, पण मग बापाची इस्टेट पोराला मिळते तेव्हा रेषेचं काय? जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवाद्याने म्हणूनच वारशावर मर्यादा घालावी असं सुचवलं होतं. भारतात इस्टेट ड्युटी, म्हणजे वारशाने जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर होता, ती १९८५ मध्ये रद्द झाली. समान संधीवर भाषणं करणाऱ्यांनी त्यानंतर तिची फारशी आठवण काढलेली नाही.

साम्यवाद म्हणजे सगळ्यांना सारखा पगार, हेही खरं नाही. मार्क्सने १८७५ मध्येच या कल्पनेची चिरफाड केली होती. दोन कामगारांना सारख्या कामाचे सारखे पैसे दिले, एकाच्या घरी खाणारी तोंडं पाच आणि दुसरा एकटा, तर ही समता आहे का? म्हणून त्याचं अंतिम सूत्र होतं, प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे. ते उत्पादन भरपूर झाल्यावर येणार होतं. तोवर कामाप्रमाणे मोबदला. स्टालिनने १९३१ मध्ये पगाराच्या सरसकटीकरणावर जाहीर टीका केली आणि कुशल कामगार, इंजिनिअर, अधिकारी यांच्या पगारातलं अंतर वाढवलं. पगारापेक्षा मोठं अंतर होतं ते बाकीच्या गोष्टींत: बड्या अधिकाऱ्यांची खास दुकानं, खास दवाखाने, गावाबाहेरचे बंगले. क्रांतीआधीच्या मानाने पैशांची दरी थोडी बुजली, पण ओळखीपाळखीची वाढली.

एक गोष्ट मात्र सोव्हिएतांच्या पदरात टाकावीच लागेल. स्त्रियांचं शिक्षण आणि नोकरी यांत त्यांनी जी मजल मारली ती पश्चिमेला बरीच उशिरा गाठता आली. तिथेही मेख होतीच: १९२० मध्ये दिलेला गर्भपाताचा अधिकार १९३६ मध्ये, म्हणजे त्या सुंदर घटनेच्याच वर्षी, काढून घेतला आणि १९५५ मध्ये परत दिला.

एकच उमेदवार का?

आता त्या मतपत्रिकेचं कोडं सुटू शकतं. उदारमतवाद्याच्या लेखी लोकशाहीची कसोटी साधी आहे: सत्तेवर बसलेल्याला रक्त न सांडता खाली उतरवता येतं का? त्यासाठी किमान दोन पक्ष लागतात. साम्यवादी म्हणेल, पक्ष म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी. दोन पक्ष आलटून पालटून येतात, पण दोघेही एकाच मालकवर्गाचे असतील तर बदललं काय? नोव्हेंबर १९३६ मध्ये नव्या घटनेबद्दल बोलताना स्टालिनने हाच तर्क शेवटपर्यंत नेला. आमच्याकडे भांडवलदार नाहीत, जमीनदार नाहीत. उरले कामगार आणि शेतकरी, त्यांच्यात वैर नाही. मग दुसरा पक्ष हवा कुणाला?

तर्क चोख आहे आणि त्याचं पहिलंच गृहीतक चुकलेलं आहे. सत्ता हातात असणं हाच एक वेगळा हितसंबंध असतो, हे त्यात धरलेलंच नाही. रोझा लक्झेम्बर्गने, जी स्वतः कट्टर क्रांतिकारक होती, जर्मनीच्या तुरुंगातून १९१८ मध्येच रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, बजावलं होतं की फक्त सरकारच्या समर्थकांना असलेलं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे. ते वेगळा विचार करणाऱ्यालाच असतं.

दुसऱ्या बाजूचीही परीक्षा झाली आहे. कम्युनिस्ट रीतसर मतपेटीतून निवडून आले तर? केरळात १९५७ मध्ये नंबुद्रिपाद यांचं सरकार आलं आणि जुलै १९५९ मध्ये, विधानसभेत बहुमत असताना, केंद्राने ते बरखास्त केलं. उलट पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सलग ३४ वर्षं सत्तेत राहिली आणि २०११ मध्ये हरल्यावर निमूट पायउतार झाली. भारतातल्या कम्युनिस्टांनी पोथीत काहीही लिहिलेलं असो, व्यवहारात उदारमतवाद्यांची कसोटी मान्य केली.

जगाने हा वाद मिटवायचा प्रयत्न केला तो संयुक्त राष्ट्रांत. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले: सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले देश, युगोस्लाव्हिया, शिवाय सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. ओढाताण किती झाली असेल ते कलम १७ वरून कळतं. प्रत्येकाला 'एकट्याने तसेच इतरांसमवेत' मालमत्ता धारण करायचा हक्क आहे, असं ते म्हणतं. एकट्याने हे पश्चिमेचं, इतरांसमवेत हे पूर्वेचं. १९६६ मध्ये या हक्कांना कराराचं बळ द्यायची वेळ आली तेव्हा एक करार जमेना, म्हणून दोन केले: नागरी-राजकीय हक्कांचा एक, आर्थिक-सामाजिक हक्कांचा दुसरा. मालमत्तेचा हक्क दोन्हींतून गळला. अमेरिकेने पहिला १९९२ मध्ये मान्य केला. दुसऱ्यावर १९७७ मध्ये सही केली, पण सिनेटने आजवर मंजुरी दिलेली नाही. चीनचं बरोब्बर उलटं: दुसरा २००१ मध्ये मान्य, पहिल्यावर १९९८ पासून नुसतीच सही. भारत १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला.

आपल्या घटनेतही हीच फाळणी आहे. भाषणस्वातंत्र्य मूलभूत हक्कांत, त्यासाठी न्यायालयात जाता येतं. कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत, आणि तोही 'राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. ही भिंत ओलांडायचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. १९७२च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर वापरली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजुराने काम मागायचं, सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. पैसा उभा राहिला मुख्यतः शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. पगाराच्या स्लिपवर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ते याच हिशेबात सुरू झाले. २००५च्या केंद्रीय कायद्याने पुढे हाच नमुना उचलला.

योजना धुतल्या तांदळाची नव्हती. खोटी मस्टरं, रखडलेली मजुरी, अर्धवट टाकलेले पाझर तलाव, सगळं झालं. पण लेनिनग्राडच्या खटल्याशेजारी ती ठेवून बघा. इथे काम मागणं हा हक्क होता आणि ते न मागणाऱ्याला कुणी जाब विचारत नव्हतं. मजुरी थकली की तेच मजूर लाल बावटा घेऊन तहसील कचेरीवर मोर्चा काढत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सरकारच्या कामावर खडी फोडायला जात. हमी मात्र मिळाली ती अंगमेहनतीच्या कामाची, आणि मोठ्या शहरांतल्या बेकारांना ती आजही लागू नाही.